'ऑथेल्लो'तील 'ऑनेस्ट' : एका विशेषणाचे दोन न्याय

१

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला 'ऑनेस्ट' हा शब्द फार लवकर भेटतो. लाकूडतोड्याची आणि त्याच्या तीन कुऱ्हाडींची गोष्ट वाचतानाच तो पाठ होतो. स्पेलिंगमध्ये 'एच' आहे पण तो उच्चारायचा नाही, एवढीच काय ती अडचण. अर्थाबद्दल शंका नसते. ऑनेस्ट म्हणजे प्रामाणिक, हे समीकरण एकदा वहीत लिहिले की पुढे आयुष्यभर पुरते.

शेक्सपिअरचे 'ऑथेल्लो' वाचायला घेतले की मात्र हे समीकरण डळमळू लागते. या नाटकात 'ऑनेस्ट' आणि 'ऑनेस्टी' हे शब्द मिळून ५२ वेळा येतात, अशी मोजणी विल्यम एम्प्सन या इंग्रज टीकाकाराने केली. 'द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स' या त्याच्या १९५१च्या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण या एका शब्दाच्या या एका नाटकातील वावराला दिलेले आहे. एम्प्सनचे म्हणणे थोडक्यात असे की, काही साध्या दिसणाऱ्या शब्दांच्या पोटात एकापेक्षा अधिक अर्थ नुसते शेजारी बसलेले नसतात. ते एकमेकांशी समीकरण मांडून बसलेले असतात. शब्द उच्चारला की ते समीकरण ऐकणाऱ्याच्या मनात विधान म्हणून उतरते. आपण एक शब्द ऐकला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने एक अख्खे मत मान्य केलेले असते.

एम्प्सनच्या या प्रकरणाचा भर इयागोवर आहे. 'ऑनेस्ट' म्हणजे मोकळाढाकळा, तोंडावर बोलणारा, जरा खालच्या पायरीवरचा भला गडी, हा त्या काळी वाढत असलेला अर्थ इयागोला कसा चिकटतो आणि त्याचा तो कसा फायदा घेतो, हे त्याने बारकाईने दाखवले आहे. स्त्रीच्या संदर्भातील अर्थाची त्याला जाण आहे. पण त्याच्या विवेचनाचा तो कणा नाही. प्रस्तुत लेखात तोच अर्थ मध्यभागी आणायचा आहे. पुरुषाला लावले की हे विशेषण त्याच्या जिभेबद्दल बोलते आणि स्त्रीला लावले की तिच्या देहाबद्दल बोलते. या दोन अर्थांच्या फटीतच डेस्डिमोनाचा मृत्यू घडतो, असे मला म्हणायचे आहे. आणि ही फट फक्त इंग्रजी भाषेत आहे असे नाही.

२

आधी शब्दाचे कूळ पाहू. लॅटिनमध्ये 'होनोस' म्हणजे मान, प्रतिष्ठा, अधिकारपद. त्यावरून 'होनेस्तुस' म्हणजे मानाला पात्र असलेला. सिसेरोने कर्तव्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात 'होनेस्तुम' म्हणजे नैतिकदृष्ट्या उत्तम आणि 'ऊतिले' म्हणजे उपयुक्त, या दोहोंचा संबंध तपासला आहे. म्हणजे शब्द रोमनांकडेच समाजातील मानापासून नीतीकडे सरकू लागला होता. पुढे जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला तेव्हा त्याचा पहिला अर्थ 'प्रतिष्ठित, अब्रूदार' असाच होता. खोटे न बोलणारा, फसवणूक न करणारा, हा आज पहिला वाटणारा अर्थ नंतर पुढे आला.

मानापासून खरेपणापर्यंतचा हा प्रवास एकट्या इंग्रजीने केलेला नाही. जर्मनमध्ये 'एऱ्ऽ' म्हणजे मान. त्यापासून झालेला 'एअरलिश' आज 'खरे बोलणारा' याच अर्थाने वापरला जातो. या सरकण्यामागे एक सामाजिक गृहीतक आहे. ज्याला मान आहे त्याला खोटे बोलण्याची गरज नसते, आणि जो खोटे बोलतो त्याचा मान जातो. म्हणून मानकरी तो खरा. आपल्याकडे 'पाटलाचा शब्द' म्हटले की ऐकणारा याच गृहीतकावर मान डोलावतो.

मान मात्र स्त्री आणि पुरुष यांना एकाच हिशेबाने मिळत नव्हता. पुरुषाचा मान त्याच्या दिलेल्या शब्दावर, शौर्यावर, व्यवहारावर ठरे. स्त्रीचा मान तिच्या शीलावर. त्यामुळे मानातून निघालेल्या विशेषणाला दोन तोंडे फुटली. सतराव्या शतकातील फ्रेंच समाजात 'ऑनेत ऑम' म्हणजे सुसंस्कृत, दरबारी रीतीभाती जाणणारा सभ्य पुरुष. 'ऑनेत फाम' म्हणजे मात्र शीलवती स्त्री. विशेषण एकच आहे, नाम बदलले की मोजमाप बदलते. इंग्रजीतही एखाद्या बाईला 'ऑनेस्ट' करणे हा वाक्प्रचार आहे. त्याचा अर्थ तिला खरे बोलायला लावणे असा नाही, तर संबंध ठेवलेल्या पुरुषाने तिच्याशी लग्न करणे असा आहे. ती आधी खोटे बोलत होती की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

मराठी वाचकाला याचे फार आश्चर्य वाटायला नको. 'अब्रू' हा शब्द फारसीतून आला. मूळ अर्थ चेहऱ्यावरचे पाणी, तेज. पुरुषाची अब्रू गेली म्हटले की आपण विचारतो, कर्ज बुडवले की अफरातफर केली? बाईची अब्रू गेली म्हटले की कोणी काही विचारत नाही. 'सरळ' हे त्याहून घरगुती उदाहरण. 'तो माणूस सरळ आहे' म्हणजे त्याच्या पोटात एक आणि ओठात एक असे नाही. 'ती बाई सरळ नाही' म्हणजे काय, हे गावात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोशात 'सरळ' या शब्दापुढे लिंगानुसार दोन अर्थ दिलेले नसतात. ते बोलणाऱ्यांच्या मनात असतात.

३

शेक्सपिअरने नाटके लिहिली तेव्हा 'ऑनेस्ट'चे हे सगळे अर्थ एकाच वेळी चलनात होते. 'हॅम्लेट'मध्ये नायक पोलोनियसशी बोलताना हा शब्द एका अर्थाने वापरतो आणि ऑफेलियाला तोच शब्द प्रश्न म्हणून विचारतो तेव्हा दुसऱ्या. ऑफेलियाला केलेला प्रश्न तिच्या शीलावरचा वार असतो. पण एका शब्दावर अख्ख्या नाटकाचा भार टाकण्याचे काम 'ऑथेल्लो'तच झाले. हे नाटक १६०३-०४च्या सुमारास लिहिले गेले. १ नोव्हेंबर १६०४ रोजी ते राजदरबारात झाल्याची नोंद आहे.

'ऑनेस्ट' हा शब्द पहिल्या प्रवेशात येतो तो इयागोच्याच तोंडून आणि तोही तुच्छतेने. लेफ्टनंटची जागा कॅसिओला मिळाली, आपण निशाणबरदारच राहिलो, याने तो जळतो आहे. धन्याच्या दाराशी गाढवासारखे राबणारे, नुसत्या चाऱ्यावर आयुष्य काढणारे आणि म्हातारपणी हाकलून दिले जाणारे जे सेवक असतात, त्यांना तो हे विशेषण लावतो आणि असल्यांना फटके मारावेत असे म्हणतो. म्हणजे इयागोच्या कोशात 'ऑनेस्ट'चा अर्थ आहे गाढव. पहिल्या अंकाच्या शेवटी एकटा असताना तो ऑथेल्लोविषयी बोलतो, तेव्हा म्हणतो की, जे नुसते ऑनेस्ट दिसतात त्यांनाच हा ऑनेस्ट समजतो आणि म्हणून याला गाढवासारखे नाकाला धरून नेता येईल. शब्द तोच आहे आणि गाढवही तेच आहे. फक्त आता दावे इयागोच्या हातात आले आहे. सेवकाच्या पाठीवर लादलेले विशेषण धन्याच्या गळ्यात कसे अडकवायचे, हा त्याचा पुढचा सगळा उद्योग आहे.

म्हणूनच इयागोच्या दुष्टपणाला काही हेतूच नाही, या कोलरिजपासून चालत आलेल्या मताला हा शब्द एक उत्तर देतो. नाटकभर लोक त्याला 'ऑनेस्ट' म्हणतात. ऑथेल्लो म्हणतो, कॅसिओ म्हणतो, डेस्डिमोनाही म्हणते. त्या प्रत्येक वेळी त्यात कौतुकाइतकीच पायरी दाखवण्याची वृत्ती आहे. आपण घरच्या जुन्या गड्याला 'मोठा इमानी हो' म्हणतो, त्यातला हा सूर आहे. लेफ्टनंट करण्याच्या लायकीच्या माणसाविषयी कोणी असे बोलत नाही. एम्प्सनने नेमके इथे बोट ठेवले आहे: बरोबरीच्या दोन माणसांमधला साधा, मोकळा उल्लेख म्हणून हा शब्द शेक्सपिअर सहसा येऊ देत नाही.

४

आता दुसरा धागा. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात व्हेनिसच्या सभागृहात ब्राबान्शिओ जाता जाता जावयाला बजावतो की, हिने बापाला फसवले आहे, तुलाही फसवील. ऑथेल्लो तिच्या निष्ठेवर आपला प्राण पणाला लावतो आणि लगेच पुढच्या श्वासात डेस्डिमोनाला सायप्रसला आणण्याचे काम 'ऑनेस्ट' इयागोकडे सोपवतो. त्या क्षणी कोणाच्या लक्षात येत नाही, पण इथे दोन ठेवी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. पत्नीवरचा विश्वास आणि निशाणबरदारावरचा विश्वास, दोन्ही एकाच वेळी मांडलेले आहेत. पुढे यातला एक राहिला तर दुसरा राहू शकणार नाही.

तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश हा या नाटकाचा मध्य. कॅसिओ ऑनेस्ट नाही का, असे ऑथेल्लो विचारतो. इयागो उत्तर देत नाही; तो तोच शब्द प्रश्नार्थक स्वरात परत करतो. ऑथेल्लो पुन्हा विचारतो, पुन्हा शब्द परत येतो. काहीही न सांगता इयागोने एक गोष्ट केलेली असते. ज्या शब्दाकडे ऑथेल्लोने आजवर कधी निरखून पाहिले नव्हते, तो शब्द त्याने संशयाच्या उजेडात धरलेला असतो. मग हळूहळू त्या शब्दाचा धनी बदलतो. बोलणे सुरू होते कॅसिओच्या ऑनेस्टीवर, म्हणजे तो भरवशाचा मित्र आहे का यावर. आणि थोड्याच वेळात ऑथेल्लो स्वतःहून म्हणू लागतो की, डेस्डिमोना ऑनेस्ट आहे असेच मला वाटते. इथे अर्थ पूर्ण पालटला आहे. पण शब्द तोच असल्यामुळे आपण एका विषयावरून दुसऱ्या विषयावर आलो, हे ऑथेल्लोला कळतच नाही. याच प्रवेशात पुढे तो पत्नी ऑनेस्ट आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते, आणि त्याच दमात इयागो खरा आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते, अशा कात्रीत सापडतो. पारडी दोन आहेत आणि काटा एक.

या तराजूत गोम अशी की, दोघांची परीक्षा एकाच नावाने पण वेगवेगळ्या गोष्टींची चालली आहे. इयागो ऑनेस्ट, म्हणून त्याचे सांगणे खरे. डेस्डिमोना ऑनेस्ट आहे का, हे मात्र तिच्या सांगण्यावरून ठरायचे नाही. ते तिच्या देहाविषयी इतरांनी काय पाहिले, काय ऐकले यावरून ठरायचे आहे. पुरुषाची ऑनेस्टी त्याला साक्षीदार बनवते. स्त्रीची ऑनेस्टी तिला खटल्यातली वस्तू बनवते. चौथ्या अंकात डेस्डिमोनाला तो समोर उभी करतो आणि शपथ घ्यायला सांगतो, तेव्हाही ती शपथ ऐकण्यासाठी नसते. खोट्या शपथेचे पाप तिच्या माथी लागावे म्हणून असते. त्याआधी तो एमिलियाला विचारतो. आपल्या बाईसाहेबांच्या शीलाबद्दल ती आपला आत्मा पणाला लावते. तिचे उत्तर इतके स्पष्ट असते की, साक्ष म्हणून ते मानले असते तर नाटक तिथेच संपले असते. पण कुठलीही कुंटणखान्याची बाई हेच सांगेल, असे म्हणून तो ते उडवून लावतो. बाईच्या शीलाची खात्री बाईने द्यायची नाही आणि स्वतःच्या शीलाची तर नाहीच.

'ऑथेल्लो'ला रुमालाचे नाटक म्हणून थॉमस रायमरने १६९३ मध्ये खिल्ली उडवली होती. एवढ्याशा कापडावरून एवढा अनर्थ कसा, हा त्याचा आक्षेप. विसाव्या शतकात एफ. आर. लीव्हिसने १९३७च्या आपल्या प्रसिद्ध लेखात दोष ऑथेल्लोच्याच स्वभावावर ठेवला: स्वतःच्या मोठेपणावर भाळलेला माणूस इतक्या सहज फसायला तयारच होता. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. पण रुमालाला पुराव्याची किंमत कशामुळे येते, हा प्रश्न दोघांच्याही मांडणीत मागे राहतो. रुमाल कॅसिओच्या हातात पाहिला, हे सांगतो इयागो. आणि इयागो ऑनेस्ट आहे. तेच डेस्डिमोना सांगते की रुमाल हरवलेला नाही. पण ती ऑनेस्ट आहे का, हाच तर प्रश्न आहे. कापड बिचारे दुय्यम आहे.

५

इथे नाटक एक असे वळण घेते की, ज्याकडे शब्दाच्या अंगाने पाहिल्याशिवाय त्याचे मोल कळत नाही. डेस्डिमोना शीलवती आहे, याबद्दल प्रेक्षकाला तिळमात्र शंका नाही. पण ती खोटे बोलते. रुमाल हरवलेला असताना ती घाबरून तो हरवला नाही असे सांगते. आणि शेवटच्या श्वासाला, हे कोणी केले असे एमिलियाने विचारल्यावर, नवऱ्याला वाचवण्यासाठी आपण स्वतःच केले म्हणून सांगते. या मरणसमयीच्या खोटेपणावरून ऑथेल्लो तिला नरकात गेलेली खोटारडी म्हणतो. म्हणजे एका अर्थाने पूर्ण ऑनेस्ट असलेली स्त्री दुसऱ्या अर्थाने तशी नाही.

एमिलियाचे याच्या उलट. चौथ्या अंकाच्या शेवटी, झोपण्याआधीच्या बोलण्यात, सगळे जग मोबदल्यात मिळणार असेल तर नवऱ्याशी प्रतारणा करायला काय हरकत आहे, असे ती थट्टेत म्हणते. बायकांनाही नवऱ्यांसारख्याच वासना आणि दुबळेपणा असतो, हे ती बिनदिक्कत सांगते. रुमाल उचलून नवऱ्याला देणारीही तीच. त्या काळच्या मोजपट्टीवर ती डेस्डिमोनाहून कितीतरी खाली आहे. पण शेवटच्या प्रवेशात सत्य सांगते ती हीच. नवरा गप्प बसायला आणि घरी जायला सांगतो. नवऱ्याचे ऐकणे उचित असले तरी या वेळी नाही, असे म्हणून ती बोलत राहते आणि त्यासाठी त्याच्याच हातून मरते. आज आपण ज्याला ऑनेस्ट म्हणतो, ते या नाटकात सर्वात मोठी किंमत देऊन करणारी व्यक्ती एमिलिया आहे. त्या प्रवेशात तिच्या नवऱ्याचे नाव घेताना ऑथेल्लो तेच विशेषण तिच्या तोंडावर दोनदा उच्चारतो.

आणि बियांका. ती कॅसिओची रखेल. पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात एमिलिया तिला शिवी देते, तेव्हा ती उलटून सांगते की मी वेश्या नव्हे, मला नावे ठेवणाऱ्या तुझ्याइतकेच ऑनेस्ट आयुष्य मी जगते. प्रेक्षक बहुधा हसतात. पण हिशेब केला तर तिचे म्हणणे खोडता येत नाही. कॅसिओवर ती खरेच जीव लावते, कोणाला फसवत नाही. ज्याने तिच्याशी लग्न करून तिला रूढ अर्थाने 'ऑनेस्ट' करायचे, तो कॅसिओ मात्र त्या कल्पनेवर खदखदून हसतो. आणि ते हसणे दुरून पाहून ऑथेल्लोला वाटते की विषय डेस्डिमोनाचा चालला आहे.

शेक्सपिअरने तीन स्त्रियांमध्ये या शब्दाचे धागे असे सुटे करून दाखवले आहेत. शील एकीकडे, सत्य दुसरीकडे, निष्ठा तिसरीकडे. भाषेने एका शब्दात कोंबून दिलेले समीकरण माणसांच्या बाबतीत टिकत नाही. तरीही नाटकातील पुरुष ते समीकरण वापरून न्याय करतात. शेवटी हातातली तलवार गेल्यावर ऑथेल्लो मान आणि ऑनेस्टी हे दोन शब्द शेजारी ठेवतो आणि दोन्ही जाऊ दे म्हणतो. एकाच लॅटिन मुळाची ही दोन फुले. ऑनेस्टी कोणाची, तिची की त्याची की इयागोची, हे तो सांगत नाही. तोवर ते वेगळे करणे त्याच्याही हातात राहिलेले नाही.

६

मराठी रंगभूमीचा आणि या नाटकाचा संबंध जुना. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७चे. गोविंद बल्लाळ देवलांचे 'झुंझारराव' १८९०चे. गणपतराव जोशींच्या झुंझाररावाने ते गाजवले. पुढे वि. वा. शिरवाडकरांनीही 'ऑथेल्लो' मराठीत आणले. या प्रत्येकाला एका अडचणीला तोंड द्यावे लागणारच होते, ती अशी की मराठीत असा एक शब्द सहज हाताशी नाही, जो इयागोला आणि डेस्डिमोनाला एकाच प्रवेशात लावता येईल.

'प्रामाणिक' इयागोला बसतो. डेस्डिमोनाला लावला तर ती पैशाच्या हिशेबात चोख आहे, असे काहीतरी वाटते. 'पतिव्रता', 'शीलवती', 'शुद्ध' तिला बसतात. इयागोला लावता येत नाहीत. दोन शब्द वापरले की अर्थ स्वच्छ होतो आणि नेमके तिथेच नुकसान होते. इयागोच्या 'ऑनेस्ट'चा प्रतिध्वनी डेस्डिमोनावर जाऊन आदळतो, तो मराठी प्रेक्षकाला ऐकू येत नाही. त्याला इयागोची कारस्थाने दिसतात. भाषेने त्याला केलेली मदत दिसत नाही.

'इमानी' हा शब्द बराच जवळ जातो. मूळ अरबी 'ईमान', म्हणजे श्रद्धा. चाकराला, सैनिकाला तो शोभतो. त्यात वरून खाली पाहण्याचा तो सूरही आहे, कारण हा शब्द आपण कुत्र्यालाही लावतो. नवऱ्याशी बेइमानी असेही आपण म्हणतो, म्हणजे पत्नीलाही तो लागू पडतो. 'इमानी इयागो' कानालाही बरे वाटते. पण इमान नेहमी कोणाशी तरी असते. त्याला धनी लागतो. ऑथेल्लोला इयागोत फक्त इमानी चाकर दिसला असता तर त्याने त्याच्या शब्दावर पत्नीचा खून केला नसता. त्याला त्याच्यात साक्षीदार दिसला. ती छटा मराठीत 'प्रामाणिक'मध्येच आहे, आणि ती जितकी खोल आहे तितकी आपल्या रोजच्या वापरात लक्षात येत नाही.

'प्रामाणिक' हा शब्द 'प्रमाण' या शब्दावरून आला. प्रमाण म्हणजे ज्ञान मिळवण्याचे साधन. मूळ संस्कृतात प्रामाणिक म्हणजे ज्याला प्रमाणाचा आधार आहे असा. हिंदीत आजही 'प्रामाणिक ग्रंथ' म्हणजे अधिकृत, विश्वसनीय ग्रंथ. मराठीने तो माणसाच्या स्वभावाला लावला. न्यायदर्शनात चार प्रमाणे मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्दप्रमाण म्हणजे आप्ताने सांगितलेले. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो इयागोचा गळा धरून डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो, म्हणजे प्रत्यक्ष मागतो. इयागो सांगतो की असे दृश्य दाखवता येणे अशक्य आहे आणि त्याऐवजी सत्याच्या दारापर्यंत नेणारी परिस्थिती पुढे करतो, म्हणजे अनुमान. मग कॅसिओ झोपेत काय बरळला ते सांगतो; ते निव्वळ शब्दप्रमाण. चौथ्या अंकात ऑथेल्लोला अखेर प्रत्यक्ष मिळते. कॅसिओ हसताना दिसतो, रुमाल बियांकाच्या हातात दिसतो. पण ते डोळे आधी ऐकलेल्या शब्दाने रंगलेले असतात. प्रत्यक्षाला इथे शब्दाची चाकरी करावी लागते.

सारा प्रश्न शेवटी आप्त कोण, यावर येऊन थांबतो. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण दिले आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे. आप्तपण कुळावर, पदावर, मानमरातबावर नाही; जाणण्यावर आणि जसेच्या तसे सांगण्यावर आहे. स्त्रियांचा वेगळा उल्लेख या यादीत नाही, पण लक्षण मान्य केले तर त्यांना बाहेर ठेवायला आधारही उरत नाही. या कसोटीला 'ऑथेल्लो'तील पात्रे लावून पाहिली तर आप्त ठरते ती एकटी एमिलिया. तिने रुमाल उचलताना पाहिले आहे, कारण तिनेच तो उचलला. आणि जसे घडले तसे सांगण्याची तिची इच्छा मरणानेही मोडत नाही. व्हेनिसच्या सभ्य पुरुषांनी आप्त मानला तो मात्र ज्याच्या नावामागे विशेषण होते तो.

७

हे सगळे चारशे वर्षांपूर्वीच्या एका नाटकाचे शब्दकौतुक म्हणून सोडून देता आले असते, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने तयार केलेला १८७२चा भारतीय पुरावा कायदा आपण स्वातंत्र्यानंतरही वापरला. साक्षीदाराच्या विश्वासार्हतेला आव्हान कसे द्यावे, हे सांगणाऱ्या त्याच्या १५५व्या कलमात चौथे पोटकलम होते. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे दुर्वर्तनी आहे असे दाखवून तिच्या साक्षीचे वजन कमी करण्याची मुभा ते आरोपीला देत असे. ती खोटे बोलते हे दाखवायचे नाही. ती 'तसली' आहे हे दाखवायचे, की ती खोटे बोलते हे आपोआप सिद्ध. ऑथेल्लोच्या मनातले समीकरण इथे कायद्याच्या भाषेत उतरले होते. जवळजवळ १३० वर्षे ते कायद्यात राहिले आणि या शतकाच्या आरंभी वगळले गेले. पोटकलम गेले म्हणजे ते समीकरणही गेले, असे मात्र नाही. तक्रार घेऊन आलेल्या बाईला चौकीत, कचेरीत, सोसायटीच्या बैठकीत आजही आधी विचारले जाते ते तिने काय पाहिले हे नव्हे. ती रात्री तिथे कशाला गेली होती, हे.

म्हणून मराठीत 'ऑथेल्लो' पुन्हा कोणी करायला घेतले तर माझी एक सूचना आहे. 'ऑनेस्ट'साठी 'सरळ' वापरून पाहावा. 'इयागो सरळ माणूस आहे' हे वाक्य कोणाला खटकणार नाही. त्यात थोडा साधाभोळा असल्याची छटाही येते. 'डेस्डिमोना सरळ आहे ना?' एवढे विचारले की प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला प्रश्न कशाचा आहे ते कळेल, आणि एकच शब्द दोघांना लावताना आपल्याही मनात मोजपट्टी बदलली, हे त्याच क्षणी जाणवेल. 'सरळ'मध्ये मानमरातबाचा अर्थ नाही, ही उणीव राहीलच. प्रतिष्ठा आणि ऑनेस्टी यांना शेजारी ठेवणारी शेवटची जागा त्यामुळे दुबळी होईल. पण मधली, म्हणजे तिसऱ्या अंकातील जागा जिवंत राहील, आणि नाटक तिथे घडते.

अखेरच्या प्रवेशात इयागोला सगळे विचारतात की हे तू का केलेस. तो सांगतो की यापुढे मी एक शब्दही बोलणार नाही, आणि खरेच बोलत नाही. ज्याचा शब्द नाटकभर पुरावा मानला गेला तो मुका होतो, तेव्हा जे काही सत्य उरते ते कॅसिओच्या, सापडलेल्या पत्रांच्या आणि नुकत्याच मेलेल्या एका दासीच्या बोलण्यातून जोडावे लागते. त्या दासीला नाटकातील कोणीही पुरुष 'ऑनेस्ट' म्हणत नाही.